बाप्तिस्म्यानंतर नवविश्वासी करतात त्या चुका

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नव्याने विश्वासात आलेल्यांचा शास्त्रवर्ग जो बरीच वर्षे घेतो, त्याला समोरच्याने तोंड उघडण्याआधीच प्रश्न कळू लागतो. बाप्तिस्म्याच्या दिवशी चेहऱ्यावर जे तेज असते ते काही महिन्यांत मावळते, आणि मग तोच माणूस खाली मान घालून सांगतो की राग पूर्वीसारखाच येतो, मन पूर्वीसारखेच भरकटते, प्रार्थनेला बसले की झोप येते, तर मग माझ्यात बदलले तरी काय? खरे तर हा प्रश्न चांगला आहे. चुका होतात त्या घाईघाईने त्याचे चुकीचे उत्तर काढल्यामुळे.

बाप्तिस्मा झाला, आता लढाई संपली

लूककृत शुभवर्तमानाचा तिसरा आणि चौथा अध्याय सलग वाचावा, मध्ये थांबू नये. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा होतो, तू माझा प्रिय पुत्र आहेस अशी आकाशातून वाणी होते, आणि त्यानंतर लगेच अरण्यातले चाळीस दिवस येतात. तेथे सैतान पहिला घाव घालतो तो त्याच वाणीवर, कारण त्याची सुरुवातच ‘तू देवाचा पुत्र असशील तर’ अशी आहे. भाकरीचा विषय नंतर येतो, आधी ओळखीवर शंका येते. प्रभूच्या बाबतीत जे झाले ते आपल्या बाबतीत होणार नाही, असे नवविश्वासीयाला कोणी सांगितले असेल तर ते सांगणाऱ्याने हे दोन अध्याय पुन्हा वाचावेत. बाप्तिस्म्यानंतर मोह वाढल्यासारखे वाटणे हे बहुतेक वेळा जागे झाल्याचे लक्षण असते. पूर्वी ज्या गोष्टीचे काहीच वाटत नव्हते तिची आता टोचणी लागते, एवढाच त्याचा अर्थ असतो.

पडलो, म्हणजे माझे तारणच (पापातून झालेली सुटका) खोटे होते

या चुकीला मी सर्वांत जास्त वैतागलो आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो.

आमच्या भागातील साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये काम करणारा एक फिटर विश्वासात आला. दारू त्याच्या घरात मुरलेली होती. बाप्तिस्मा झाला, बाटली सुटली, आणि पंधरवडा उलटतो न उलटतो तोच उत्साही मंडळींनी त्याला एका कन्व्हेन्शनच्या मंचावर साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सांगायला, उभे केले. तेथे त्याने सांगितले की त्या दिवसापासून माझी इच्छाच मेली. टाळ्या पडल्या, ‘हालेलुया’ झाले, आणि पुढच्या गावाचे बोलावणेही आले. घरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तो रोज रात्री लाल पेनने एक गोल काढत असे. एक गोल म्हणजे न पिता गेलेला एक दिवस. पुढे चुलतभावाच्या हळदीला तो प्यायला. दुसऱ्या दिवशी त्याने दिनदर्शिकेचे ते पान फाडून टाकले, मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून तो बाहेर पडला आणि रविवारी फोन केला की ‘ड्यूटी आहे’ एवढेच सांगू लागला.

पुढची गोष्ट त्याच्याकडूनच उशिरा कळली. दुसऱ्या एका गटाने त्याला सांगितले होते की तुझा पहिला बाप्तिस्मा पाण्याचा होता, सामर्थ्याचा नव्हता, आणि कालव्यात त्याचा पुन्हा बाप्तिस्मा केला. तो पुन्हा प्यायला. मग त्यांनी त्याला लांबलचक उपवास सांगितला. उपवास सुटला त्याच आठवड्यात तो पुन्हा प्यायला आणि मग त्याने स्वतःपुरता निकाल लावून टाकला की देवाने माझे नाव खोडले आहे.

तो माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला तारणाविषयी काही विचारले नाही. तू कधी प्यायलास, पोटात काय होते, बरोबर कोण होते, कोणत्या रस्त्याने घरी चालला होतास, एवढेच विचारले. उत्तरे निघत गेली तसतसे स्पष्ट झाले की हळद सोडली तर प्रत्येक वेळ पगाराच्या दिवसाची होती, रात्रपाळीनंतरची होती, झोप झालेली नव्हती, आणि मोटारसायकलवर मागे बसवून नेणारा जोडीदार रोज परमिट रूमवरूनच गाडी काढत असे. याविषयी त्याने कोणाला एका शब्दानेही सांगितले नव्हते, कारण ज्याची इच्छाच मेली आहे असे शेकडो लोकांसमोर जाहीर झाले आहे, त्याने त्या रस्त्याची भीती वाटते हे कोणत्या तोंडाने सांगावे? तो पहिल्यांदा घसरला तो हळदीत नव्हे, त्या मंचावर.

यावर मी जे केले त्याला पद्धत म्हणण्याचे कारण नाही, ती माझी सवय आहे. पगार पत्नीच्या खात्यात जाऊ लागला, रात्रपाळीनंतर तो बसने घरी येऊ लागला, आणि मंडळीतल्या दोन वयस्क बंधूंना त्याने सगळे खरे सांगितले. त्यांतले एक जण पगाराच्या दिवशी गेटवर जाऊन उभे राहत. मी त्याला सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांकडेही पाठवले, कारण जुनी दारू एकाएकी बंद केली तर झटके येऊ शकतात, आणि हे प्रार्थना करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. त्यानंतरही तो एकदा प्यायला. पण त्या आठवड्याच्या रविवारी तो आपल्या नेहमीच्या जागेवर येऊन बसला, आणि माझ्या दृष्टीने फरक तेथे पडला.

रोमकरांस पत्राच्या पहिल्या पाच अध्यायांत वाचकाने काय करावे याच्या आज्ञा जवळजवळ नाहीतच, देवाने काय केले हेच आहे. सहाव्या अध्यायाच्या अकराव्या वचनात पौल सांगतो की तुम्ही पापाला मेलेले आणि ख्रिस्त येशूमध्ये देवासाठी जिवंत आहात असे स्वतःला माना. ओळख आधी दिली जाते आणि वागणे तिच्यामागून येते. हा क्रम उलटला, म्हणजे वागणे जमले तरच ओळख खरी असे मानले, की प्रत्येक घसरणीबरोबर सगळे नाते तुटल्यासारखे वाटू लागते. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायातील नववे वचन पापे पदरी घेण्याविषयी, म्हणजे कबूल करण्याविषयी, आहे आणि ते विश्वासीयांनाच लिहिलेले आहे. पुन्हा बाप्तिस्मा घ्या असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. आणि याचा आधार घेऊन पुन्हा पाप करायला कोणी मोकळीक काढत असेल, तर त्याने रोमकरांसच्या त्याच सहाव्या अध्यायाचे पहिले वचन वाचावे. पौलाला हा प्रश्न आधीच सुचला होता.

फक्त सोडायचे, भरायचे काही नाही

इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात चोरी करणाऱ्याला पौल केवळ चोरी सोड म्हणून थांबत नाही. हातांनी काम कर आणि गरजवंताला दे, असेही सांगतो. लबाडीच्या जागी खरे बोलणे, कुजक्या बोलण्याच्या जागी दुसऱ्याची उन्नती करणारे बोलणे, असे प्रत्येक ठिकाणी जोडीने येते. झाडून-सजवून रिकामे ठेवलेल्या घरात आधीचा अशुद्ध आत्मा आणखी सात सोबती घेऊन परततो, हे मत्तय बाराव्या अध्यायात प्रभूने स्वतः सांगितले आहे. म्हणून जो कोणी मला ‘मी मोबाइलवरचे ते सगळे बंद केले’ असे सांगतो, त्याला माझा पुढचा प्रश्न असतो की रात्री दहा ते बारा आता काय करतोस. बहुतेकांकडे उत्तर नसते.

सगळे सैतानाने केले

पेत्राने सैतानाला गर्जणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे आणि मी ती हलकी करू इच्छित नाही. परंतु गाडी पंक्चर झाली, सासूबाई रागावल्या, परीक्षेत गुण कमी पडले, या प्रत्येक वेळी ‘शत्रूचा हल्ला’ म्हणणारा माणूस याकोबाच्या पहिल्या अध्यायातले चौदावे वचन सोयीस्करपणे विसरतो. तेथे मोहाचे मूळ माणसाच्या स्वतःच्या वासनेत दाखवले आहे. अभ्यास न केल्यावर बंधने तोडण्याची प्रार्थना करणे हा आळसाला दिलेला धार्मिक पोशाख आहे.

हे येथपर्यंतच राहिले असते तर हसून सोडता आले असते. आमच्या वर्गात एक ताई होत्या, त्यांना लहानपणापासून मिरगीचा त्रास होता आणि गोळ्यांनी तो आटोक्यात होता. बाहेरून आलेल्या एका प्रचारकाने त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि सांगितले की आता गोळी घेणे म्हणजे अविश्वास. त्यांनी गोळ्या बंद केल्या. काही दिवसांनी सकाळी चहा करताना झटका आला, उकळते आधण हातावर सांडले आणि मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गेली. प्रचारक तोपर्यंत दुसऱ्या जिल्ह्यात पोहोचला होता. ताईंना मात्र रुग्णालयातल्या खाटेवरही हेच वाटत होते की आपला विश्वास कमी पडला.

हिज्कीया राजाच्या दुखण्याची हकिकत दुसऱ्या राजे पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आहे. त्याची प्रार्थना देवाने ऐकली, आयुष्य पंधरा वर्षांनी वाढवून दिले, आणि तरीही यशयाने गळवावर अंजिरांचे पोटीस बांधायला लावले. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खायला घातले. म्हणून कोणी आत्मिक कोरडेपणाची तक्रार घेऊन आला की मी आधी त्याची झोप, जेवण आणि औषधे विचारतो. काहींना हे फारच अनाध्यात्मिक वाटते. वाटू दे.

घरच्यांशी पहिल्याच महिन्यात युद्ध

नवविश्वासी तरुण गणपतीच्या दिवसांत ‘मी मूर्तीचे काही करणार नाही’ असे पाहुण्यांच्या देखत जाहीर करतो आणि दिवसभर बाहेर निघून जातो. मागे आई एकटी वीस जणांचा स्वयंपाक करते. त्याला वाटते की आपण साक्ष दिली. आईला दिसते ते एवढेच की मुलगा ख्रिस्ती झाला आणि कामातून गेला. पूजेत भाग न घेण्याविषयी बोलायचे असेल तर आधी, एकांतात आणि हलक्या आवाजात बोलावे, आणि मग पाणी भरणे, भाजी चिरणे, पंगत वाढणे, भांडी घासणे यांत सगळ्यांच्या पुढे असावे. नैवेद्याच्या ताटाविषयी करिंथकरांस पहिल्या पत्राचे आठवे आणि दहावे हे दोन्ही अध्याय वाचावेत, एकच नव्हे. एकट्या आठव्याने माणूस बेफिकीर होण्याचा संभव असतो आणि एकट्या दहाव्याने भांडखोर.

बायकोने, आईने, भावाने आपल्याबरोबर लगेच यावे ही अपेक्षा करणाऱ्यांनी आपल्याच मराठी मंडळीचा इतिहास पाहावा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले, आणि दोघांची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे त्या टिळकांजवळ राहू लागल्या तेव्हाही त्यांनी आपले सोवळे सांभाळले. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो 1900 मध्ये, त्यांच्या स्वतःच्या विचाराने. ज्याच्या अभंगांनी आमच्या उपासना आजही भरलेल्या असतात, त्या माणसालाही आपल्या पत्नीला वाद घालून विश्वासात आणता आले नाही. तुमच्या यूट्यूबच्या लिंका फॅमिली ग्रुपवर टाकून ते होईल असे मला वाटत नाही.

याच संदर्भात नावाविषयी एक सांगतो. गॅझेटमध्ये नाव बदलण्याची घाई करू नये. टिळक शेवटपर्यंत नारायण वामनच राहिले आणि त्यांच्या विश्वासाचे त्याने काही बिघडले नाही.

आणखी काही, थोडक्यात

डोळे मिटून शास्त्र उघडायचे, बोट ठेवायचे आणि निघेल ते वचन आजचा आदेश मानायचे, हे बंद करावे. हे शकुन पाहणेच आहे, फक्त पुस्तक बदलले. पहिले वाचन प्रकटीकरणापासून करू नये. मार्ककृत शुभवर्तमान सोळा अध्यायांचे आहे, ते एका बैठकीत वाचून होते. अभिषेकाच्या तेलाची बाटली आणि आश्वासनाच्या वचनांची कार्डे विकणाऱ्यांना पैसे देण्यापेक्षा थकलेली उसनवारी आधी फेडावी, जक्कयानेही लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. प्रार्थनेत शब्द सुचत नसतील तर तेरावे आणि एक्कावन्नावे स्तोत्र मोठ्याने वाचावे, मी स्वतः फोन हातात घेण्यापूर्वी सकाळी तेवढेच करतो. इफिसकरांस सहाव्या अध्यायातली शस्त्रसामग्रीची (सैतानाशी लढण्याच्या आत्मिक शस्त्रांची) वचने आरशासमोर उभे राहून रोज म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण ते पत्र मंडळीला लिहिलेले आहे. घरी बसून ऑनलाइन उपासना पाहणाऱ्याच्या पाठीशी कोणीच उभे नसते.

पहिल्या वर्षीच माइक हातात घेणे

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात अध्यक्ष नवशिका नसावा असे स्पष्ट आहे, आणि कारणही तेथेच दिले आहे की तो गर्वाने फुगेल. हे पुढाऱ्याच्या पदाविषयी असले तरी मंचालाही लागू पडते, हे फिटरच्या हकिकतीवरून कळावे. यावर मला नेहमी प्रेषितांच्या कृत्यांचा नववा अध्याय दाखवला जातो, की पौलाने दिमिष्कात लगेचच घोषणा सुरू केली. केली खरी, पण तो गमलियेलाच्या पायाशी बसून शास्त्र कोळून प्यालेला होता, आणि गलतीकरांस पत्रात तो स्वतः सांगतो की आपण आधी अरबस्तानात गेलो आणि यरुशलेमेला जाऊन पेत्राला भेटायला तीन वर्षे लागली. साक्ष द्यायचीच असेल तर घरगुती प्रार्थनासभेत द्यावी, जेथे पत्नी शेजारी बसलेली असते आणि अतिशयोक्ती झाली की तिच्या चेहऱ्यावर दिसते. मंडळ्यांच्या पुढाऱ्यांनीही गर्दी जमवण्यासाठी नव्या माणसाचा वापर थांबवावा. सेवेची इतकीच उत्सुकता असणाऱ्यांनी रविवारी उपासनेनंतर सतरंज्या गोळा करायला थांबावे, त्या कामाला आमच्याकडे नेहमीच माणसे कमी पडतात.