संशोधनाचा प्रश्न कसा ठरवावा? डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट होऊ घातलेल्यांसाठी

एमडीचा सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) असो की बीएस्सी नर्सिंगचा प्रोजेक्ट, गाइडच्या टेबलावर पहिल्यांदा येतो तो बहुधा नुसता विषय. ‘मधुमेही रुग्णांचा अभ्यास’, ‘मातांमधील जागरूकता’. अशा विषयाला ‘मग काय?’ असं विचारलं की विद्यार्थी गप्प. त्याचा प्रश्न करायचा तर साधारण या वाटेने जावं.

१. खटकलेली गोष्ट लिहून ठेवा

चांगले प्रश्न वॉर्डात आणि ओपीडीत सापडतात. समजा, इन्सुलिन घेणाऱ्या एका बाईंच्या पोटावर बेंबीशेजारी नर्सच्या हाताला मऊ गाठ लागली.

“मावशी, रोज इथंच टोचता का?”

“हो, इथं दुखत नाही ना.”

गाठीत टोचलेलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, साखर वरखाली होत राहते. जागा बदलायला तर प्रत्येकालाच सांगितलेलं असतं. मग बदलत का नाहीत? हा झाला कच्चा प्रश्न. एप्रनच्या खिशातल्या वहीत असे प्रश्न त्याच दिवशी उतरवा, रात्रीपर्यंत ते विसरतात.

२. उत्तर आधीच मिळालंय का, ते बघा

पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत, शोधा, ग्रंथपालांची मदत घ्या, विभागातले जुने प्रबंध चाळा. उत्तर सापडलं तरी लगेच विषय सोडू नका. ते आपल्याकडच्या पेशंटना लागू पडतं का, हाही प्रश्नच आहे.

३. चार खाने भरा

याला पीको म्हणतात: रुग्ण कोण, त्यांच्यासाठी काय करणार, तुलना कशाशी, आणि मोजणार काय.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण घ्या. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग त्यांनी आधीच दाखवला होता. पुढे विंचवाचं प्रतिविषही मिळू लागलं. ‘प्रतिविषाचा अभ्यास’ असा विषय घेऊन कोणीही चार वर्षं घालवली असती. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासातला प्रश्न मात्र नेमका होता. विंचूदंशाने घाम, लाळ, गार पडलेले हातपाय अशी लक्षणं दिसणारे रुग्ण. त्यांना प्राझोसिनबरोबर प्रतिविष. तुलना नुसत्या प्राझोसिनशी. आणि मोजायचं काय, तर दहा तासांत लक्षणं पूर्ण गेलेले किती. एकूण ७० रुग्ण, प्रत्येक गटात ३५. प्रतिविष मिळालेल्यांतले ३२ दहा तासांत बरे झाले, दुसऱ्या गटातले ८. प्रश्न नेटका असल्यामुळे उत्तर एका ओळीत बसलं. ‘दहा तास’ ही मर्यादा काढून टाकली तर काय उरतं? दोन्ही गट कधी ना कधी बरे होतात, एवढंच.

आपल्या नर्सचा प्रश्न आता असा होईल: पोटावर गाठी असलेल्या प्रौढ रुग्णांना जागा आखून, हातात सिरिंज देऊन शिकवलं, तर नुसतं तोंडी सांगण्याच्या तुलनेत तीन महिन्यांनी एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची एक तपासणी) किती कमी होतं? तीन महिनेच का, तर ही तपासणी साधारण तेवढ्याच काळाची सरासरी साखर दाखवते.

सगळेच प्रश्न या साच्यात बसत नाहीत, बळेच बसवूही नका. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा प्रश्न ‘स्त्रीरोग किती जणींना आहेत’ एवढाच होता. १९८९ साली छापून आलेलं उत्तर होतं ९२ टक्के! तिथे ना उपचार, ना तुलना. आणि मावशी जागा का बदलत नाहीत, हे समजायला तर त्यांच्याशी निवांत बोलावंच लागेल. तिथे आकड्यांचा उपयोग थोडा.

४. रिकामा तक्ता आखा

माझ्या मते ही सगळ्यात कामाची पायरी, आणि हीच सगळे गाळतात. एकही पेशंट घेण्याआधी निकालाचा तक्ता कागदावर काढा. आडव्या ओळी दोन: शिकवलेले, नुसतं सांगितलेले. उभे रकाने: सुरुवातीचं एचबीए१सी, तीन महिन्यांनंतरचं, फरक. तक्ता आखता येत नसेल तर प्रश्न अजून कच्चा आहे. प्रोफॉर्मातल्या, म्हणजे पेशंटची माहिती भरायच्या फॉर्ममधल्या, ज्या प्रश्नाला कुठल्याच तक्त्यात जागा नाही, तो खोडा. चाळीस प्रश्नांचे पंधरा होतात आणि पेशंटही वैतागत नाहीत.

५. झेपेल का, आणि करावं का

ओपीडीचं रजिस्टर काढून असे पेशंट महिन्याला खरोखर किती येतात ते मोजा. अंदाज नेहमी फुगलेला असतो. नमुना किती लागेल, म्हणजे अभ्यासात किती पेशंट हवेत, हे संख्याशास्त्रज्ञाला आत्ताच विचारा, माहिती गोळा झाल्यावर नको.

नैतिक बाजूही इथेच तपासायची. महाडच्या अभ्यासात प्राझोसिन दोन्ही गटांना दिलं होतं, कारण गुणकारी ठरलेलं औषध तुलनेसाठी कोणाचं काढून घेता येत नाही. आपल्या उदाहरणात धोका वेगळा आहे. गाठ सोडून चांगल्या जागी टोचलं की तेच इन्सुलिन जास्त लागू पडतं आणि साखर एकदम उतरू शकते. डोस कोण, कधी कमी करणार, हे ठरल्याशिवाय एथिक्स कमिटीकडे जाऊ नका.

कमिटीकडे जाण्याआधीच मुख्य मोजमाप एकच ठरवा, बाकीची दुय्यम. उपचार किंवा शिकवणीची अशी चाचणी असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदणीत ती नोंदवा. त्यानंतर गाइडना नवा प्रश्न सुचला, तर तो पुढच्या बॅचच्या विद्यार्थ्यासाठी वहीत लिहून ठेवा.