बाटली किती वाजता भरली?

बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. करून पाणी तपासणीच्या कामात येणारी मुलं मला पहिलं विचारतात, ‘कोणतं मशीन शिकू?’ मशीन हाताखाली येतं हो. आधी नमुना घ्यायला शिका.

सांगलीत कृष्णेवर माझं पहिलंच वर्ष होतं. आम्ही दर वेळी दुपारी बाराच्या सुमारास, शहराचं सांडपाणी नदीत आणणाऱ्या शेरी नाल्याच्या खालच्या अंगाला पोचायचो. विरघळलेला ऑक्सिजन चांगला यायचा. आंघोळीच्या पाण्यात तो लिटरला किमान ५ मिलिग्रॅम लागतो, तेवढा सहज भरायचा. तसा अहवालही मी दिला. नावाडी मामा एकदा म्हणाले, ‘ताई, दुपारचं काय बघताय? पहाटं या. मासं तोंड वर काढत्यात.’

गेले. उजाडायच्या आत ३०० मिलिलिटरची बाटली पाण्याखाली धरून, एकही बुडबुडा न ठेवता भरली. काठावरच मँगनस सल्फेट घातलं, मग अल्कली आयोडाइड. दुपारी याच बाटलीत गडद तपकिरी साका धरायचा. त्या पहाटे साका पांढरट राहिला. पांढरा साका म्हणजे पाण्यात ऑक्सिजन उरलेलाच नाही. हिरवं शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर तोच ओढून घेतं. वर सांडपाणी कुजवणारे जिवाणू असतातच. दुपारचे माझे आकडे खरे होते, पण त्यावरून नदी चांगली आहे असं लिहिणं चूक होतं. याचं मला फार वाईट वाटलं होतं.

जागेचंही तसंच. नाल्याचं पाणी बराच वेळ काठाला धरून वाहतं, प्रवाहात लगेच मिसळत नाही. काठावरच्या एका बाटलीवर नदीचं नाव लिहू नका. होडीतून मधल्या धारेचाही नमुना घ्या.

धातूंसाठी बाटलीत नायट्रिक आम्ल टाकून सामू २ च्या खाली आणायचा, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात. कीटकनाशकांसाठी गडद तपकिरी काचेची बाटली, प्लास्टिक नको. द्राक्षबागांवर बुरशीसाठी मारलेल्या बोर्डो मिश्रणातलं (मोरचूद आणि चुना) तांबं पावसाबरोबर ओढ्या-नदीत उतरतं, पण पाण्यात थोडंच दिसतं. ते गाळाला धरून बसतं. म्हणून येरळा जिथं कृष्णेला मिळते त्या ब्रह्मनाळला गेलात, तर तळाचा गाळही घ्या.

पुढं ठाणे-मुंबईकडं खाडीवर नोकरी लागली, तर आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक मिळवा. ओहोटीला शहराचं सांडपाणी खाली येतं, भरतीला समुद्र आत शिरतो. एकाच जागी सहा तासांत पाणी बदलतं. शिवाय खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड सीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण रसायनानं जाळायला किती ऑक्सिजन लागतो त्याचा, आकडा फुगवतं, त्यासाठी मर्क्युरिक सल्फेट घालावं लागतं. नदीवर शिकलेल्या माणसाला हे कुणी सांगितलेलं नसतं.

माझ्या वहीत आता आकड्याआधी वेळेचा रकाना आहे. एप्रिल लागला की आदल्या रात्री मामांना फोन करते, ‘मामा, उद्या साडेचारला होडी सोडा.’