‘स्कॉट पिलग्रिम’सारख्या गेमचा रिव्ह्यू लिहिताय? या चुका टाळा

कॉमिकवरून बनवलेल्या जुन्या धाटणीच्या मारामारीच्या गेमवर लिहायला बसलं की गेम बाजूलाच राहतो. अर्धा रिव्ह्यू कॉमिकची गोष्ट सांगण्यात जातो, उरलेला ‘बालपण आठवलं’मध्ये. ‘स्कॉट पिलग्रिम व्हर्सेस द वर्ल्ड: द गेम’वर लिहिताना तर घसरायच्या जागा फारच आहेत.

पहिल्याच स्टेजवरून निकाल देणं. सगळ्यात जास्त रिव्ह्यू इथे फसतात. टोरांटोच्या बर्फाळ रस्त्यावर स्कॉट सुरुवातीला ढिला वाटतो, ठोसे संथ पडतात, किरकोळ गुंडही बराच वेळ पुरतात. मग लगेच लिहिलं जातं: ‘कंट्रोल जड आहेत.’ पण हा गेम १९८९ च्या ‘रिव्हर सिटी रॅन्सम’ या मारामारीच्या गेमच्या वळणावर गेलेला आहे. गुंड आडवा झाला की नाणी सांडतात, ती घेऊन दुकानात शिरायचं, खायचं-प्यायचं, वस्तू घ्यायच्या आणि त्यातून ताकद, बचाव, वेग वाढवायचा. लेव्हल चढेल तसे नवे डावही मिळतात. तेव्हा कंट्रोल जड वाटले तर आधी बघा, दुकानात गेला होता का? वेग वाढवला का? एवढं करूनही हात आखडलेलेच वाटले तर खुशाल झोडा.

झोडायला खरं कारणही आहे. कोणती वस्तू नेमकं काय वाढवते हे ती विकत घेईपर्यंत कळत नाही. पैसे जमवायला तीच स्टेज पुन्हा पुन्हा खेळणंही मला कंटाळवाणं वाटतं. ‘गेमप्ले रिपीटेटिव्ह आहे’ असं मोघम लिहिण्यापेक्षा हे असं नेमकं लिहा. (रिपीटेटिव्ह नसलेला मारामारीचा गेम कुणी पाहिलाय?)

मित्राला मधूनच खेळायला बसवणं. प्रत्येक पात्राची लेव्हल वेगळी साठते. तुमचा स्कॉट तगडा झालेला आणि मित्राने पुढच्या स्टेजला किम हे कोरं पात्र उचललं, तर ती सडकून मार खाणारच. त्यावरून ‘डिफिकल्टी अन्यायी आहे’ म्हणू नका. दोघांनी पहिल्या स्टेजपासून सुरू करा. एकाच स्क्रीनवर चौघांना खेळता येतं, त्यामुळे एकट्याने खेळून लिहिलेला रिव्ह्यू अर्धाच. तसं असेल तर निदान सांगून टाका.

‘सिनेमावरचा गेम’ म्हणून मोकळं होणं. नाव सिनेमाचं आहे आणि दोन्ही ऑगस्ट २०१० मध्येच आले, हे खरं. पण गेममधले चेहरे नटांचे नाहीत, ते ब्रायन ली ओमॅलीच्या सहा कॉमिक पुस्तकांतल्या चित्रांच्या अंगाने जातात. पिक्सेल आर्ट पॉल रॉबर्टसनची आणि संगीत अनामानागुची या बँडचं. ही नावं रिव्ह्यूत नसतील तर गेमचा सगळ्यात भक्कम भागच सुटला. स्कॉटला जिच्यासाठी लढायचं असतं त्या रमोनाच्या सात माजी प्रियकर-प्रेयसींची, म्हणजे गेममधल्या बॉसची, यादी मात्र क्रमाने छापू नका. पुढचा बॉस कोण, यात अर्धी मजा आहे.

आठवणींना मार्क देणं. आपल्याकडे पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ म्हणून जो गेम गाजला, तो म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. तोही ‘झेनोझोइक टेल्स’ या मार्क शुल्ट्झच्या कॉमिकवरूनच आला होता, आणि ते कॉमिक न वाचताच पोरांनी त्यात नाणी ओतली. तुलना जरूर करा, पण मुस्तफाची धावत येऊन मारलेली लाथ आठवून स्कॉटचे गुण वाढवू किंवा कापू नका. तो गेम नाणी गिळायला बनवला होता, हा घरी बसून लेव्हल वाढवायला.

कोणती आवृत्ती खेळलात ते न सांगणं. ‘स्कॉट पिलग्रिम’चा मूळ गेम फक्त डाउनलोड करून मिळायचा. २०१४ च्या अखेरीस तो विक्रीतून काढला गेला आणि थेट जानेवारी २०२१ मध्ये ‘कम्प्लीट एडिशन’ म्हणून परतला. नाइव्ह्ज आणि वॉलेस ही पूर्वी वेगळी विकत घ्यावी लागणारी पात्रं त्यात आधीच असतात. त्यामुळे २०१० चे रिव्ह्यू चाळून आजच्या किमतीबद्दल किंवा पात्रांबद्दल मत देऊ नका. मधली सहा वर्षं गेम दुर्मीळ होता म्हणून त्याला एक स्टार जादा, हेही नको. कोणत्या मशीनवर, कोणतं पात्र घेऊन, किती जणांनी, कुठपर्यंत खेळलात हे पहिल्याच परिच्छेदात लिहा.