कॉर्सी ठोकळे: मुलांची ‘कुठे काय’ लक्षात ठेवण्याची क्षमता कशी मोजावी

ठोकळ्यांची ही चाचणी फिलिप कॉर्सी यांनी मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात 1972च्या प्रबंधासाठी बेतली. एका पाटावर नऊ ठोकळे विखुरलेले चिकटवलेले असतात आणि त्यांचे आकडे फक्त तुमच्या बाजूला. तुम्ही बोट लावायचं, मुलानं त्याच क्रमानं लावायचं. इतकं सोपं दिसतं म्हणूनच लोक ती वाटेल तशी घेतात.

खोली शांत, मूल पोटभर जेवलेलं, आईबाबा बाहेर. पुढे चला.

दोन ठोकळ्यांपासून सुरुवात. प्रत्येक लांबीच्या दोन मालिका. दोन्ही चुकल्या की थांबा. सूचना एकच: “मी लावतो त्याच क्रमानं तू लाव, माझं झाल्यावर.” शेवटचे दोन शब्द गाळू नका. लहान मुलं तुमच्या बोटामागोमाग लगेच स्वतःचं बोट नेतात, आणि तसं झालं की स्मरण मोजलंच जात नाही.

आता खरं अवघड काम, म्हणजे तुमचं स्वतःचं बोट. मलाही हाच टप्पा सगळ्यात जड गेला. दर सेकंदाला एक ठोकळा, ना कमी ना जास्त. चार ठोकळ्यांपर्यंत जमतं. पाच-सहावर गेलात की नजर कागदावरच्या आकड्यांकडे पळते, बोट क्षणभर रेंगाळतं आणि मुलाला फुकटात गट मिळतो: तीन, मग दोन. आपण मोबाइल नंबर तोडून तोडून पाठ करतो, तसंच. त्या मुलाची मालिका बरोबर आली तर ते श्रेय कुणाचं, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

मोठ्यानं टिकटिकणारा मेट्रोनोम लावू नका, मूल आवाजाकडे बघत बसतं. मनगटावर थरथरणारा चालेल. मालिका मोठ्या अक्षरांत लिहून पाटाच्या तुमच्याकडच्या कडेलाच ठेवा, म्हणजे मान वळवावी लागत नाही. बोट दर वेळी सारखंच वर उचला. ठोकळ्यांवरून घसरवत नेलंत तर मुलाला रेषा दिसते, आणि रेषा लक्षात ठेवणं सोपं असतं. पुढच्या ठोकळ्याकडे आधी बघू नका. मुलं बोटापेक्षा तुमच्या डोळ्यांवर जास्त नजर ठेवून असतात. तोंडानं “एक, दोन” तर अजिबात नको. फक्त तुमचा हात दिसेल असा व्हिडिओ काढा आणि आवाज बंद करून पाहा. जिथे लय मोडते तिथे तुम्हालाच लाज वाटेल. मुलाला बोलवायचं ते त्यानंतर.

मालिका मनानं रचू नका. ज्या मालिकेत वाट स्वतःलाच छेदते, ती त्याच लांबीच्या सरळ वाटेपेक्षा कठीण जाते. छापील संच घ्या.

मूल पुटपुटत असेल (“वरचा, कोपऱ्यातला…”), तर नोंदवा, दटावू नका.

गुण देणं सोपं. समजा दोन आणि तीन लांबीच्या दोन्ही मालिका बरोबर, चारची एक, पाचची एकही नाही. आवाका, म्हणजे बरोबर आलेली सगळ्यात लांब मालिका, 4; बरोबर मालिका 5, दोन्हींचा गुणाकार 20. हा गुणाकारच लिहा. नुसता आवाका फार ढोबळ असतो. पाच वर्षांचं मूल साधारण तीन-चारवर अडतं. किशोरवयात आकडा मोठ्यांच्या पाच-सहापर्यंत पोचतो. तुलनेसाठी तक्ता वापराल तेव्हा तो लाकडी पाटाचा आहे की टॅब्लेटचा, ते बघा. दोन्हींची सरमिसळ चालत नाही.

सरळ क्रम म्हणजे मुख्यतः साठवण. “वर्किंग मेमरी” म्हणायचं तर साठवलेल्यावर काहीतरी करावं लागतं, म्हणून उलट क्रमही घ्या. मात्र ऐकलेले आकडे परत म्हणायच्या चाचणीत ते उलट म्हणताना जशी घसरण दिसते, तशी इथे दर वेळी दिसत नाही. आकडा जवळपास तेवढाच आला म्हणून मूल हुशार ठरवू नका. संगणकावरची खोके शोधण्याची चाचणी हाताशी असेल, तर तीही जोडा. तिथे एकदा खूण सापडलेल्या खोक्यात मूल किती वेळा परत जातं, ते मोजतात.

एवढ्या एका आकड्यावरून एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलता यांचा विकार) लेबल लावणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणतो. त्या दिवशी मूल झोपाळलं होतं की नाही, हे आधी विचारा. आणि पुन्हा घ्यायची झाली तर मालिकांचा दुसरा संच काढा.