आधी मेन्यू सांगता आला पाहिजे

नागपूरच्या प्रताप नगरात माझी डब्यांची मेस आहे. सकाळी ४० डबे, संध्याकाळी ३० च्या आसपास. त्यामुळे पहाटे चारला उठायची सवय जुनी, पळायची मात्र अजिबात नव्हती. पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी माझ्याकडे डबा घ्यायची. भरतीत मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, आणि तिला वेळ मोजणारं कुणीतरी हवं होतं. मी आठवडाभर मोबाईल घेऊन मैदानाच्या कडेला उभी राहिले. एक दिवस काय डोक्यात आलं, तिच्या मागे सुटले. २०० मीटरवर छाती फुटायला आली आणि मी खाली बसले. ही जून २०२२ ची गोष्ट. तेव्हा मी ४३ वर्षांची होते.

त्यानंतर तीन हाफ मॅरेथॉन झाल्या, म्हणजे दर वेळी २१.०९७५ किलोमीटर. पहिली ३ तास २ मिनिटं, दुसरी २:४१, तिसरी २:३४. फार काही नाही. आपल्या बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेने २०२० मध्ये दिल्लीत हेच अंतर १ तास ३० सेकंदांत पार केलं. तेवढ्या वेळात माझा आठव्या किलोमीटरचा फलकसुद्धा आला नव्हता. पण चाळिशी ओलांडून, नागपुरात, कामधंदा सांभाळून सुरुवात करायची असेल तर माझ्या चुका तुमच्या कामी येतील.

सगळ्यात आधी हळू पळायला शिका. मला हे कळायला वर्ष गेलं. पळायचं म्हणजे धापा टाकायच्या, अशीच माझी समजूत होती. रोज अर्धा तास जीव खाऊन पळायचे आणि तिसऱ्या आठवड्यात नडग्या दुखायला लागायच्या. सासूबाई म्हणायच्या, "काहून जीव काढून राहिली वं?" त्यांचं बरोबर होतं.

आता माझी परीक्षा सोपी आहे. पळता पळता त्या दिवशीचा मेन्यू मोठ्याने म्हणायचा: "वरण, भात, पोळ्या, वांग्याची भाजी, काकडीची कोशिंबीर." हे एका दमात, शब्द न तुटता निघालं तर वेग बरोबर. वांग्याशी अडकलात तर हळू व्हा. भातालाच अडकलात तर चाला. घड्याळातले हृदयाचे ठोके बघणारेही आहेत. २२० वजा वय हे त्यांचं सूत्र सरासरीचं आहे, एकेका माणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. माझ्या बाबतीत ते जुळतच नाही. मेन्यू जुळतो.

सुरुवातीला एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं २५ मिनिटं करा, आठवड्यात तीनदा. दर आठवड्याला पळायचा वेळ थोडा वाढवा, चालायचा कमी करा. मला सलग अर्धा तास पळायला अकरा आठवडे लागले. तुम्हाला आठ लागतील किंवा पंधरा. अंतर वाढवताना दर आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको असं बरेच जण सांगतात. मी ते डोळे झाकून पाळत नाही, पण तीन आठवडे वाढवलं की चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करते. हाडं आणि कंडरा, म्हणजे स्नायू हाडांना बांधणाऱ्या दोऱ्या, फुप्फुसांपेक्षा सावकाश तयार होतात. दम टिकतो म्हणून अंतर वाढवलं की नडगी, टाच, गुडघा यांतलं काहीतरी बोलायला लागतं.

नागपुरात आठवड्याचं वेळापत्रक करण्याआधी वर्षाचं करावं लागतं. इथे चांगल्या शर्यती डिसेंबर ते फेब्रुवारीत असतात, सकाळी गारठा असतो तेव्हा. म्हणून मी उलटं मोजते. पाऊस लागला की जून-जुलैमध्ये नुसता पाया: आठवड्यात तीन-चार दिवस, सगळं मेन्यूच्या वेगाने. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघाली की रविवारचं लांब अंतर सुरू. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" अशी आरोळी उठते तेव्हा मी त्यात हळूच गुडघेदुखीही घालते. तिथून जानेवारीपर्यंत साडेचार-पाच महिने मिळतात, हाफसाठी तेवढे पुष्कळ आहेत.

उन्हाळ्यात वेगाचा विचारच सोडा. मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या पुढे, आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, पहाटे पाचलासुद्धा रस्ता तव्यासारखा. उन्हात अंगातलं बरंचसं रक्त कातडीकडे जातं, शरीर थंड ठेवायला. पायांना उरतं ते कमी, आणि त्याच वेगाला हृदय जास्त धडधडतं. शरीराला गरमीची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. तोवर चिडचिड होते, वाटतं मागच्या वर्षीची मेहनत वाया गेली. माझा वेग मे महिन्यात किलोमीटरमागे जवळजवळ मिनिटभर पडतो आणि ऑक्टोबरमध्ये आपोआप परत येतो. मे महिन्यात ४० मिनिटांच्या वर जायचं असेल तर पाणी सोबत हवंच. डोकं गरगरलं, अंगावर काटा आला, घाम बंद झाला तर तिथेच थांबा, सावली गाठा, घरी फोन करा. यात हिंमत दाखवायची नसते.

पाणी किती प्यायचं यावर लोक भांडतात. मी भाजी तोलायच्या काट्यावर उत्तर शोधलं. मेसमध्ये पोती तोलायचा मोठा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. एप्रिलमधल्या एका रविवारी निघण्याआधी त्यावर उभी राहिले: ६१.८ किलो. एक तास ४० मिनिटं पळून आले, वाटेत अर्धा लिटर पाणी प्याले, अंग पुसून परत उभी: ६०.६. घटलेलं एक किलो म्हणजे ढोबळमानाने एक लिटर घाम. म्हणजे १.२ आणि वर प्यालेलं अर्धा, एकूण १.७ लिटर. तासाला साधारण एक लिटर. डिसेंबरमध्ये हेच केलं तर निम्मंच निघालं. तुमचा आकडा वेगळा असेल, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा हिवाळ्यात मोजून ठेवा. गेलेलं सगळंच पाणी पळतानाच भरून काढायचं नसतं. उलट नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, तेही धोक्याचं. लांब पळायचं असलं की मी एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालते, वर लिंबू पिळते. जुलाबात देतात तेच घरगुती प्रमाण. मीठ अंदाजाने टाकू नका. मेसवाली असूनही मी मोजून टाकते.

खाण्याचं थोडक्यात. निघण्याआधी अर्धं केळं आणि दोन घोट चहा. दीड तासाच्या वर पळायचं असेल तर तासाला ३० ग्रॅम तरी कर्बोदकं लागतात. लहान खजुरात पाच-सहा ग्रॅम असतात, म्हणजे तासाला पाच-सहा खजूर, बिया काढून. संत्रं पळताना खाऊ नका. मी एकदा खाल्लं आणि रवी नगरपासून घरापर्यंत पोट धरून चालत आले.

आता रस्ते. माझं रोजचं पळणं माटे चौकातून आयटी पार्ककडे आणि पुढे अंबाझरीच्या बाजूला. सपाट आहे, सकाळी दिवे असतात. रविवारी फुटाळा. तलावाच्या काठाने अंग गरम करायचं आणि मग तेलंगखेडीच्या बाजूने सेमिनरी हिल्सकडे चढायचं. हा चढ शिकवतो. पहिल्यांदा मी वर बघत चढले आणि मध्येच मेले. आता नजर चार-पाच हात पुढे ठेवते, पावलं आखूड करते, हात थोडे जोरात हलवते, आणि वेग पडला तर पडू देते. मेन्यूतली कोशिंबीर चढावर गाळली तरी चालते. उतरताना मात्र सावध राहा. टाचा आपटत उतरलात तर दुसऱ्या दिवशी मांड्या जिना उतरू देत नाहीत. वर झाडीत थंडावा असतो, ओळखीचे चालणारे भेटतात, कुणी तरी विचारतंच, "काय वहिनी, आज किती मारून राहिल्या?"

अंधारात निघणाऱ्या बायकांसाठी दोन गोष्टी. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने पळा आणि चमकणारा पट्टा घाला. कुत्री मागे लागली तर पळू नका, थांबा, चाला. ती पळणाऱ्याच्याच मागे लागतात. मी पहिले सहा महिने त्या भरतीवाल्या मुलीसोबत निघायचे. एकटीने निघायला धीर यायला वेळ लागतो, आणि त्यात लाज नाही.

तीन महिने हळू पळून झाले की आठवड्यात एकदाच थोडं जोरात पळा. मी विजेच्या खांबांवर करते: दोन खांब जोरात, दोन खांब हळू, असं वीस मिनिटं. स्वीडनमध्ये याला फार्टलेक म्हणतात, म्हणजे वेगाचा खेळ. घड्याळ लागत नाही. मंगळवार खांबांचा, गुरुवार हळू, रविवार लांब, आणि जमलं तर शनिवारी अर्धा तास. बाकीच्या दिवसांपैकी दोन दिवशी ओट्याजवळच्या पायरीवर पोटऱ्यांचा व्यायाम: दोन्ही चवड्यांवर वर, एका पायावर सावकाश खाली, पंधरा वेळा, तीनदा. मग पाच किलो डाळीची पिशवी छातीशी धरून उठाबशा. माझ्या नडग्या मालिशने नाही, या पायरीने बऱ्या झाल्या.

बुटांवर एक परिच्छेद खर्च करते कारण माझं नख गेलं. सीताबर्डीतल्या एका दुकानात सकाळी-सकाळी बूट घेतले. दुकानदार म्हणाला, "सैल होतात ताई, घट्टच घ्या." १४ किलोमीटरच्या दिवशी अंगठ्याचं नख काळं पडलं, महिन्याने गळलं. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पळताना घालाल तेच मोजे घालून जा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. महागडेच हवेत असं नाही. ६००-८०० किलोमीटरनंतर तळवा दबतो, म्हणून वहीत किलोमीटर लिहा.

वही म्हणजे माझ्या उधारीच्या वहीची मागची पानं. तारीख, अंतर, वेळ, झोप किती झाली, आणि शेवटी एक अक्षर: मेन्यू पूर्ण झाला तर 'म', वांग्याला अडकला तर 'व'. सलग तीन 'व' आले की एक दिवस सुट्टी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पाऊस कोसळला, अंबाझरी ओसंडलं, अंबाझरी लेआउट आणि डागा लेआउटमध्ये घराघरांत पाणी शिरलं. माझ्या मेसची सहा-सात पोरं तिकडे तळमजल्यावर राहायची. दोन आठवडे नुसतं रांधणं आणि पोचवणं, वहीची पानं कोरी. मग घाबरून बुडालेले किलोमीटर एका आठवड्यात भरून काढायला निघाले होते. सुदैवाने त्या मुलीने अडवलं. दोन आठवडे सुटले तर सोडून द्या, जिथे होतात त्याच्या थोडं मागून सुरू करा. त्याच मोसमात माझी २:४१ झाली.

शर्यतीच्या तीन आठवडे आधी १८ किलोमीटर, मग रविवारी १२, मग ८. शेवटचा आठवडा पाय शिवशिवतात, तरी बसून राहा. आदल्या रात्री वरण-भात. माझ्या पहिल्या शर्यतीच्या आदल्या रात्री भाऊ सावजीचं मटण घेऊन आला. पुढचं सांगत नाही.

त्या पहिल्या शर्यतीत गर्दीसोबत वाहत गेले. पहिले तीन किलोमीटर किलोमीटरला सात मिनिटांच्या वेगाने, म्हणजे माझ्या सरावापेक्षा मिनिटभर जोरात. चौदाव्या किलोमीटरला दोन्ही पोटऱ्या धरल्या. सोळाव्याला पाण्याच्या टेबलावर रिकामी खोकी तेवढी उरली होती, मागून येणाऱ्यांचा हिशेब आयोजकांनी केलाच नव्हता. उरलेलं अंतर चालत, लंगडत. पुढच्या वर्षी मी मुद्दाम घोळक्याच्या मागे उभी राहिले. काळजी नको, बिबवरच्या, म्हणजे छातीवर लावायच्या नंबराच्या कागदावरच्या, चिपमुळे तुमची वेळ तुम्ही रेषा ओलांडल्यावरच सुरू होते. पहिले तीन किलोमीटर मेन्यू म्हणत काढले, सगळे पुढे गेले, जाऊ दिले. छोटी बाटली स्वतःची. अंतराचे तुकडे पाच-पाचचे केले. पंधरानंतर कोशिंबीर सोडली, अठरानंतर मेन्यूच सोडला. पंधरा ते एकवीसमध्ये मी किती जणांना मागे टाकलं ते मोजलं होतं: एकतीस. त्यातले दोघे माझ्याच मेसचे.

शेवटच्या रेषेवर लगेच बसू नका. दहा मिनिटं चाला, मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट घ्या, ओले कपडे बदला. मग तर्री पोहे चालतात, तर्री जास्त मागितली तरी. आठवडाभर पळायचं नाही. आठव्या दिवशी चार किलोमीटर, मेन्यूच्या वेगाने, पूर्ण कोशिंबिरीसकट.