पोलो जीटी टीएसआय ट्यून करायचीये? आधी हे बघा

१.२ वाली जुनी जीटी टीएसआय असेल तर टर्बो कंपनीनेच दिलाय, ताकद १०५ पीएस आणि टॉर्क (ओढ) १७५ एनएम, त्यामुळे लगेच मोठा टर्बो बसवायच्या नादाला लागू नका राव.

आधी गाडी ठणठणीत करा. ऑइल, प्लग, कॉइल बघा आणि इंटरकुलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) पाइपचे क्लॅम्प हात लावून चेक करा, तिथे तेलकट ओल दिसली तर बूस्ट लीक (टर्बोने दाबलेली हवा गळणं) असू शकतो आणि लीक असताना रिमॅप (ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं, सॉफ्टवेअर बदलणं) केला तर टर्बो उगाच जास्त फिरत बसतो. मग स्टेज १ रिमॅप (पार्ट न बदलता फक्त सॉफ्टवेअर), पण ट्यूनर लॉग (चालत्या इंजिनच्या नोंदी) दाखवत नसेल तर सरळ उठून या. मॅप (ते नवं सॉफ्टवेअर) ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी असेल तर कायम तेच पेट्रोल टाकायचं, साधं ९१ टाकलं की नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून इंजिनला ठोके बसणं) होतं आणि ईसीयू टायमिंग मागे घेतो, स्पार्क उशिरा देऊन ताकद कमी करतो, म्हणजे पैसे पाण्यात.

डीएसजीचा (या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ड्राय क्लच २५० एनएमपर्यंतचाच आहे, टॉर्क त्याच्या बराच खाली ठेवा. टायर, ब्रेक पॅड आधी, एक्झॉस्टचा आवाज नंतर.

आणि हो, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत केलेल्या बदलांबद्दलचं) वाचा, इन्शुरन्सवाल्यालाही कळवा.