अणू, परमाणू आणि माझे वाया गेलेले चार महिने

मी सोलापूरची, दहावीपर्यंत पूर्ण मराठी माध्यम. मूलद्रव्य, संयुग, मिश्रण, रेणू, सगळ्या व्याख्या तोंडपाठ होत्या. तुमच्याही असतील. तरी अकरावी सायन्सच्या पहिल्या चाचणीत मला केमिस्ट्रीत 25 पैकी 6 पडले. अभ्यास मनापासून केला होता. घात केला तो एका शब्दानं.

अकरावीचं पुस्तक इंग्रजी. वाक्यंच कळेनात, म्हणून रात्री मोबाईलवर हिंदी लेक्चर लावायची. त्यातले सर म्हणाले, 32 ग्रॅम ऑक्सिजनमध्ये एक मोल ‘अणु’. (मोल म्हणजे डझनासारखीच कण मोजायची एक ठरलेली, पण प्रचंड मोठी संख्या.) मी वहीत उतरवलं, एक मोल अणू. आता नीट वाचा. मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत अणु म्हणजे मॉलिक्यूल आणि ॲटमला परमाणु. म्हणजे आपला रेणू तो त्यांचा अणु! 32 ग्रॅम ऑक्सिजनमध्ये रेणू एक मोल, पण अणू दोन मोल. ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, जिथे अणू मोजायचे तिथे माझं उत्तर बरोबर निम्मं येत होतं आणि कुठे चुकतंय ते सापडत नव्हतं. ‘परमाणु’ ऐकलं की वाटायचं, हे अणूच्या आतलं काहीतरी असेल, केंद्रकासारखं.

सोलापुरात हा घोळ जास्तच होतो. माझ्यासोबत अभ्यासाला बसणारी मैत्रीण घरी तेलुगू बोलते. तेलुगूत आणि कन्नडमध्येही अणू हा शब्द मॉलिक्यूललाच आहे. आम्ही दोघी एकच शब्द बोलायचो आणि दोघींच्या डोक्यात वेगळी वस्तू असायची. म्हणून वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: हिंदीतला अणु कानावर आला की हातानं रेणू लिहायचं. आजच लिहा.

शब्द सुटला तरी गाठ राहिली होतीच. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू, मग ते संयुग का नाही? ही शंका आली तर घाबरू नका, अणुसिद्धांत मांडणारा खुद्द डाल्टनही इथेच अडला होता. एकाच मूलद्रव्याचे दोन अणू जोडले जातील हे त्याला मान्य नव्हतं, आणि पाण्यात तो हायड्रोजनचा एकच अणू धरायचा. ॲव्होगाड्रो या शास्त्रज्ञानं 1811 मध्ये जोडीची कल्पना मांडली, पण ती लोकांना पटायला 1860 ची जर्मनीतल्या कार्ल्सरूहची रसायनशास्त्रज्ञांची परिषद आणि कॅनिझारो या रसायनशास्त्रज्ञाचा पाठपुरावा लागला.

मला ते कळलं आईच्या ताटात. ज्वारीचा दाणा हायड्रोजन, शेंगदाणा ऑक्सिजन. दोन शेंगदाणे चिकटून ठेवले, हा रेणू झाला, पण दाणे एकाच जातीचे, म्हणून मूलद्रव्य. एका शेंगदाण्याला दोन ज्वारी लावल्या की पाणी. दोन जाती जोडल्या गेल्या, म्हणून संयुग. नुसते शेजारी सांडले तर मिश्रण. मग ज्वारी दोन आणि शेंगदाणेही दोन घेतले. पप्पा टॉवेलच्या कारखान्यात ब्लीचिंगला आहेत, ते बघून म्हणाले, हे तर आमचं पेरॉक्साइड. तेच हातावर उडालं की कातडी पांढरी पडते आणि आग होते. पाण्यात एक भाग हायड्रोजनला वजनानं आठ भाग ऑक्सिजन, पेरॉक्साइडमध्ये सोळा. एक शेंगदाणा वाढला आणि पदार्थच बदलला!

ट्रिकचे व्हिडिओ मात्र सुरुवातीला बघूच नका. त्यातून सूत्र पाठ होतं, वस्तू डोळ्यांपुढे येत नाही. आणि अडलं तर टॉपरला विचारू नका, त्याला ते कधी अडलेलंच नसतं. गेल्या वर्षी जो इथेच अडून पुढे गेला, त्याला गाठा. मला अशाच एका ताईनं सावरलं. दाण्यांचं ताट तिनंच सुचवलं होतं.

तिनं शेवटी मीठ मांडायला सांगितलं. या वेळी ज्वारी म्हणजे सोडियम आणि तूर म्हणजे क्लोरीन. एक तूर, एक ज्वारी, पुन्हा तूर, पुन्हा ज्वारी, आडवं आणि उभं, पटासारखं. ताट भरल्यावर म्हणाली, यातला एक रेणू दाखव. मी तुरीच्या एका दाण्यावर बोट ठेवलं. त्याच्या चारही बाजूंना ज्वारीच होती. त्याची जोडी कुठली म्हणायची? मिठात सोडियम आणि क्लोरीनचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, असेच ओळीनं बसलेले असतात, वेगळा असा रेणू नसतो. मीठ संयुग आहे, पण त्याला रेणू नाही.